ओठ हलताना दिसले

कोहळ्यांचं घर अब्रूदार आहे, हे काटोल रोडकडच्या त्या अख्ख्या ले-आउटला ठाऊक होतं. कारण स्वतः कोहळेच ते येता-जाता सांगत. खापा सोडून नागपुरात आलेल्या या कुटुंबानं गावची शेती राखली होती, इथं दुमजली घर बांधलं होतं, दारावर गणपतीची फरशी बसवली होती, आणि घराची अब्रू लोणच्याच्या बरणीसारखी फडकं बांधून उंच फळीवर ठेवली होती. बरणीला हात लावायचा अधिकार पुरुषांचा. फुटली तर दोष बायांचा, आणि त्यातही जिचं कुंकू पुसलं गेलं तिचा आधी.

त्या घरात अशी बाई एकच होती, गोपिका. धाकट्या मधुसूदनची बायको. मधुसूदन काविळीनं गेला तेव्हा त्यांची वैभवी शाळेत होती. आता ती कॉलेजात जाऊ लागली होती. घर चालवत होता थोरला धर्मेंद्र, म्हणजे गोपिकेचा भासरा. त्याची बायको मिनल. आणि सगळ्यांच्या वर सासरे रुपराव, जे रोज संध्याकाळी चष्मा लावून मोठ्यानं पोथी वाचत आणि वाचून झाली की तितक्याच मोठ्यानं चहा मागत.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मिनलनं देवघरात महालक्ष्मीचा घट मांडला होता. पुरण गोपिकेनं शिजवलं, पाट्यावर गोपिकेनंच वाटलं. पाच फळं तिनंच धुऊन पुसून ताटात रचली. ताट देवघराच्या उंबऱ्यापाशी आल्यावर मिनलनं ते पुढं होऊन घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बस वं, इथून मी नेते. संध्याकाळी बाया येतीन, तेव्हा जरा अंदरच राह्यजो."

गोपिकेच्या हातचं पुरण देवीला चालत होतं. हात चालत नव्हता. देवीला यातलं काही विचारलं होतं, असं नाही.

गोपिकेनं या गोष्टीचं दुःख करणं सोडून दिलं होतं. नवरा दवाखान्यात असताना तिनं रोजच्या नामजपाचा नेम धरला होता. नवरा गेला, नेम राहिला. घरात बसायला कोपरा नव्हता आणि सकाळी वेळही नव्हता, म्हणून तिनं आपला देव रस्त्यात गाठला. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ती बिल्ट्या बनवायची, म्हणजे ट्रकमधून जाणाऱ्या मालाच्या पावत्या. घरापासून गोदामापर्यंत स्कूटीवर जाताना नजर रस्त्यावर आणि ओठांवर महाराजांचं नाव, अशी तिची पूजा चाले. जपात मन लागलं की तिचा चेहरा आपोआप हसरा होई. दिवसभरात तेवढाच.

त्या सकाळीही तसंच झालं. चौकात लाल दिवा लागला, ती पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबली. हिरवा झाला, निघाली, तोच हवालदारानं शिटी मारून हात केला.

"ओ मॅडम, साइडले घ्या! मोबाइल काढा."

"मोबाइल तर डिक्कीत आहे, साहेब."

"हेल्मेटमधी खोसला आहे तो काढा म्हणतो. मी काय आंधळा आहो का?"

गोपिकेनं हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं. कणगीच्या तळाशी उरलेले दाणे चाचपावेत तसा हवालदारानं आत हात फिरवला. काही निघालं नाही. माणसाला अशा वेळी आपण चुकलो असं वाटायला हवं. हवालदाराला समोरची बाई बेरकी वाटली.

"मग कोणाशी बोलून राहिल्या होत्या?"

"जप करून राहिली होती, साहेब. महाराजांचा."

हवालदारानं शेजारच्या जोडीदाराकडे वळून हाक दिली, "ऐक गा! यायनं डायरेक्ट वरतीच फोन लावला होता." मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "भेटली का रेंज?"

दोघंही पोट धरून हसले. सिग्नलला थांबलेले दोघं-तिघं, काय झालं हे माहीत नसताना, हसले. फुकटचं हसू कोण सोडतो?

"डिक्की उघडून फोन पहा नं, साहेब. बंदच आहे तो."

"आता बंद केला असन. आमाले शिकवू नका. आज मोबाइलवाल्यायचीच मोहीम आहे. एक सांगा, ओठ हलत होते का नाही?"

"हलत होते."

"हासत होत्या का नाही?"

खोटं बोलायचं नाही, हाही तिच्या नेमातलाच भाग होता. "असन," ती म्हणाली.

"झालं तर मग!"

पांढऱ्या टोपीतल्या म्हाताऱ्याचे ओठ हलले असते तर चौकानं त्याला रामराम घातला असता. बाईचे हलले म्हणजे फोन, आणि फोन म्हणजे कोणीतरी. सिग्नलला असतानाच हवालदारानं समोरून तिचा फोटो काढून ठेवला होता. तिच्या लायसन्सवरून यंत्रात त्यानं तिच्या नावानं दंडाचं चलान भरलं, आणि तिला जायला सांगितलं.

स्कूटी चालवणारी ती, पेट्रोल तिच्या पगारातलं. पण मधुसूदन गेल्यावर गाडीचे कागद धर्मेंद्रनं स्वतःच्या नावावर करून घेतले होते. 'बाईमाणसाच्या नावावर गाडी कशाले? उद्या काही झालं तर ठाण्यात तिनं जावं का?' असं तेव्हा मोठ्या मायेनं बोललं गेलं होतं. मोबाइल नंबरही त्याचाच नोंदलेला. त्यामुळे गोपिका गोदामात पोचायच्या आधीच तिच्या गुन्ह्याची वर्दी, फोटोसकट, भासऱ्याच्या खिशात पोचली.

संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बाया गेल्या. गोपिका स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा धर्मेंद्र सोफ्यावर बसला होता. टीपॉयवर त्याचा मोबाइल, त्यात तिचा फोटो, बोटांनी ओढून ओढून मोठा केलेला. नुसतं तोंड दिसत होतं. रुपरावांची पोथी आज मिटलेली होती.

काय झालं, असं कोणी विचारलं नाही.

"कोण होता?" धर्मेंद्रनं विचारलं.

"कोण, भाऊजी?"

"फोनवर कोण होता, विचारून राहिलो. पह्य हा फोटो. दात दिसून राहिले. घरात कधी अशी हासली का तू?"

हे शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. त्याची लाज त्या खोलीत कोणाला वाटली नाही.

गोपिकेनं जे होतं ते सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही. तो तिला चढवता येतच नसे. ऐकून मिनलनं गालावर बोट ठेवलं.

"गाडीवर जप? बाई बाई! आपल्या घरी देवघर काय कमी पडलं, वं?"

गोपिकेनं जावेकडे नुसतं पाहिलं. मिनलनं ओटीच्या ताटातले तांदूळ सारखे करायला घेतले.

"फोन दे इकडं," धर्मेंद्र म्हणाला. तिनं दिला. त्यानं वरपासून खालपर्यंत नावं चाळली आणि एका नावावर त्याचं बोट थांबलं. "हा धोंडबा कोण?"

"गोदामातले मुनीम. मामाजीच्या वयाचे आहेत."

"वयाचं नको सांगू मले!"

रुपराव खाकरले. त्यांच्याही वयाचा उल्लेख त्यात आला होता, पण अब्रूचा प्रश्न असल्यामुळे त्यांनी तो गिळला. "गाडीची चावी ठेव इथं," ते म्हणाले. "उद्यापासून धर्मेंद्र सोडून देईन, धर्मेंद्रच आणन. नाही जमलं त्या दिवशी घरीच राह्यजो. काही अडलं नाही आपलं तुझ्या नोकरीवाचून."

चावी टीपॉयवर ठेवताना गोपिकेला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. तिला आपल्या माणसांची अजून नीट ओळख नव्हती.

ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ नये म्हणून धर्मेंद्रनं फार काळजी घेतली. सावनेरच्या मामाला त्यानं ती विश्वासात घेऊन सांगितली. खाप्याच्या चुलत्याला शपथ घालून सांगितली. समोरच्या घरी तर त्यानं आवाज इतका खाली आणला की त्या घरच्या बाईला टीव्ही बंद करावा लागला. आठवड्याभरात ले-आउटमधल्या बाया गोपिका दिसली की बोलणं थांबवू लागल्या, आणि ती पुढं गेली की पुन्हा सुरू करू लागल्या.

मग घराची बैठक बसून उपाय निघाला. आपल्याकडे अन्यायावर उपाय शोधत नाहीत, तो मिटवण्याचा शोधतात. लग्न मोडलं, मिटवा. पोरीला सासरी मारलं, मिटवा. मिटवणारा तो शहाणा, आणि जो म्हणेल की आधी खरं काय ते पाहू, तो घरबुडव्या.

"लोकअदालत येऊन राहिली," धर्मेंद्र म्हणाला. "जायचं, कबूल म्हणायचं, मोकळं व्हायचं. मी बोलीन, हिनं फक्त मान हलवायची. अन् लोकायनं विचारलं तर सांगायचं, मिनलशी बोलून राहिली होती. गॅस बंद केला का म्हणून फोन लावला होता. घरातलं घरात राह्यते."

"माझं नाव घे खुशाल," मिनल म्हणाली. आपण किती मोठ्या मनाच्या, हे तिला स्वतःलाच जाणवून डोळ्यांत पाणी आलं.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," रुपराव म्हणाले. "गेलंच तर वरच्यावर मिटवून यावं."

खोटं बोलणं पाप आहे, हे त्यांच्या पोथीत दर दोन पानांआड येत होतं. पण पोथी वाचायची असते. वागायचं कसं, हे ज्याच्या त्याच्या घरात आधीच ठरलेलं असतं.

गोपिका थकली होती. रोज भासऱ्याच्या मोटारसायकलवर मागं, मध्ये पिशवी ठेवून बसायचं. गोदामाच्या दारात तो प्रत्येक हमालाकडे टक लावून पाहायचा. संध्याकाळी त्याची वाट पाहत उभं राहायचं, आणि उशीर झाला तरी काही म्हणायचं नाही. जपही थांबला होता, कारण ओठ हलवायची भीती वाटत होती. ती "बरं" म्हणाली. एका 'हो'नं जर सुटका होत असेल तर देव समजून घेईल, असं तिनं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती; दुपारी ती आणि वैभवी मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वैभवी मान खाली घालूनच म्हणाली, "आई, एक विचारू? रागावशीन नाही नं?"

"विचार नं."

"कोण होते ते?"

गोपिकेच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी कोणाले नाही सांगणार," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "अन् मले वाईट पण नाही वाटणार, खरंच. बाबाले जाऊन इतके दिवस झाले. तुले पण वाटत असन कोणाशी बोलावं."

"तुले हे कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. पण मोठी आई म्हणे, लोकायले तिचं नाव सांगायचं आहे. म्हणजे खरं नाव दुसरं असन नं? नाहीतर खोटं कशाले सांगायचं?"

पोरीचं बोलणं अगदी सरळ होतं. तिच्या आवाजात ना टोमणा, ना राग. उलट आईला सांभाळून घ्यायची तिची तयारी होती, आणि तेच गोपिकेच्या काळजात रुतलं. सासरे, भासरा, जाऊ यांनी संशय घेतला होता. पण ज्या दिवशी ती स्वतः मान हलवेल, त्या दिवशी तो संशय मुलीच्या मनात कायमचा घर करून बसणार होता. पुढं कधी आई देवापुढं बसलेली दिसली, तरी पोर मनात म्हणणार, ही कोणाची तरी आठवण काढून राहिली.

"खरं नाव महाराजांचं होतं, बेटा," ती म्हणाली.

"हो नं," वैभवी म्हणाली आणि शेंगा सोलू लागली. तिनं विश्वास ठेवला नव्हता. आईचं मन मोडू नये म्हणून 'हो' म्हटलं होतं.

लोकअदालतीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मांडव घातला होता. माणसं रांगेनं येत होती, कबूल म्हणत होती, सही करून हसत बाहेर पडत होती. कोणी खरंच चुकलं होतं, कोणी नव्हतं. पण तिथं तो फरक कोणी विचारत नव्हतं, आणि कोणी सांगतही नव्हतं. टेबलामागच्या साहेबांनी कागद पाहून नाव पुकारलं.

"कबूल आहे, सर," धर्मेंद्र पुढं होऊन म्हणाला.

"नाही," गोपिका म्हणाली.

आवाज इतका हळू होता की साहेबांनी मान वर करून विचारलं, "काय म्हणालात, ताई?"

"कबूल नाही, साहेब. मी फोनवर बोलत नव्हती."

"इथं तडजोड होते. कबूल नसेल तर केस रेग्युलर कोर्टात जाईल. हेलपाटे पडतील तुम्हाला."

"पडू द्या."

धर्मेंद्रनं दात आवळून म्हटलं, "गोपिका, लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या, भाऊजी. इतके दिवस फोटोत पाहिलं, आता समोर पाहू द्या."

तो तिला तिथंच सोडून निघून गेला. जाताना त्यानं मांडवातल्या एका अनोळखी माणसाला सांगितलं, "माझ्या घरची नाही ती." असं तडकाफडकी नातं तोडायला नागपूरच्या कोर्टात अर्जही द्यावा लागत नाही.

त्यानंतर गोपिका बसनं गोदामात जाऊ लागली, आणि तारखेला बसनंच कोर्टात. घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. स्वयंपाकाला मात्र रोज तीच लागत होती. पहिल्या तारखेला साक्षीदार आला नाही, दुसऱ्याला साहेब रजेवर. ती बाकावर बसे आणि तिथं सगळ्यांसमोर, ओठ हलवून, नाम घेई. तिसऱ्यांदा वैभवी कॉलेज बुडवून तिच्याबरोबर आली. कशाला आलीस, असं आईनं विचारलं नाही आणि मुलीनंही सांगितलं नाही.

त्या दिवशी हवालदार हजर होता. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या, झोप न झाल्यासारख्या दिसत होत्या, पण त्यांनी कागद वाचला होता.

"मोबाइल तुम्ही पाहिला?"

"हेल्मेटमधी असावा असं वाटलं, मॅडम."

"हेल्मेट तपासलं?"

"तपासलं."

"मिळाला?"

"नाही, मॅडम."

"फोटोत मोबाइल आहे?"

"फोटोत... नाही दिसून राहिला."

"मग केस कशावरून केली?"

हवालदारानं कपाळ पुसलं. "ओठ हलत होते, मॅडम. अन् हासत होत्या."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. मॅजिस्ट्रेट बाई हसल्या नाहीत. "बाईनं रस्त्यात हसणं हा गुन्हा कोणत्या कलमात येतो, ते पुढच्या वेळी लिहून आणा," एवढं म्हणून त्यांनी निकाल सांगितला. कोणताही पुरावा नाही. गोपिका मधुसूदन कोहळे निर्दोष.

बाहेर व्हरांड्यात हवालदार तिच्यापाशी आला. "ताई, राग नका मानू. मोहिमेच्या दिवशी वरून दबाव राह्यते. खरं सांगू? तुमचा चेहराबी मले आठवत नव्हता." तो ओशाळला होता. फार नाही, पण होता.

दोघी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. समोरच्या खोलीत पेढ्यांचा पुडा उघडा पडला होता. शेजारच्या दोन बाया सोफ्यावर टेकल्या होत्या आणि धर्मेंद्र सावनेरच्या मामाशी मोबाइलवर बोलत होता. "सुटली नं! अजी, मले तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपल्या घरची बाई आहे, करणार हाय का असं?"

रुपरावांनी चावी पुढं केली. "घे पोरी, तुझी गाडी. झालं गेलं गंगेले मिळालं."

"ये वं," मिनल म्हणाली, "आज आरतीले उभी राह्य माझ्याबरोबर."

गोपिकेनं चावी घेतली नाही. पदर सारखा केला आणि नेहमीच्याच हळू आवाजात बोलू लागली, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं.

"तो हवालदार मले ओळखत नव्हता, मामाजी. घडीभर पाहिलं अन् चुकला. तुम्ही मले ओळखत होते. माझ्या हातचं रोज जेवून राहिले."

"अवं, पण मिटलं नं आता—" रुपराव म्हणाले.

"त्याचा आरोप कागदावर होता, म्हणून कोर्टाले खोडता आला. तुम्ही लावला तो कुठं लिहिलाच नाही. तो मी कोणत्या कोर्टात नेऊ, सांगा."

शेजारणींपैकी एकीनं हातातला अर्धा पेढा परत पुड्यात ठेवला.

"भाऊजी," गोपिका म्हणाली, "सावनेरचे मामा फोनवर आहेत नं अजून? त्यायले ती सुटली असं नका सांगू. मी तिच्यावर खोटा आळ घेतला, असं सांगा. मग खाप्याले सांगा, मग समोरच्या घरी. ज्याले ज्याले सांगितलं, त्याले सांगा. अन् गाडी माझ्या नावावर करून द्या. मग मी आरतीले उभी राहीन."

"भासऱ्यानं बाईची माफी मागावी?" धर्मेंद्रला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "डोकं फिरलं का तुझं?"

"मोठेबाबा, बोला नं," वैभवी म्हणाली. तिचा आवाज आईसारखा हळू नव्हता. "तेवढंच तर म्हणून राहिली आई."

धर्मेंद्रनं फोन कानाला लावला आणि म्हणाला, "हॅलो मामा, इथं पाहुणे आले, मग करतो." फोन बंद करून त्यानं तो खिशात टाकला.

त्या रविवारी गोपिका आणि वैभवी वाडीला, गोदामांमागच्या एका भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. खिडकीतून दिवसभर ट्रकांची धूळ येते. एका कोनाड्यात महाराजांची तसबीर आहे, आणि तिच्यापुढं बसायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी मायलेकी तिथं शेजारी शेजारी बसतात. वैभवीला जप येत नाही. ती नुसती आईकडे पाहत बसते.

कोहळ्यांचं घर अजून अब्रूदार आहे. ले-आउटमध्ये आता असं बोललं जातं की कोर्टाचं काय हो, कोर्ट पुराव्यावर चालतं. काहीतरी असल्याशिवाय का बाई भरलं घर सोडून जाते? बोलणारे सगळे सज्जन आहेत. देवधर्म करतात, उपास धरतात, मुंगीला साखर घालतात.

आणि वाचणाऱ्यांनो, ते 'काहीतरी असल्याशिवाय' वाचताना तुमचीही मान होकारार्थी किंचित हलली असेल, तर ती इतर कोणी पाहिलेली नाही. तुमचा फोटो कोणी काढलेला नाही, तुम्हाला तारीख पडणार नाही. तुम्ही सुटलात, असंच लोक म्हणतील.